टेकडीवरचा गोठा आणि पडद्यावरची चित्रे

तालुक्यातल्या संस्थांचा इतिहास लिहायला घेतला की शाळा, विविध कार्यकारी सोसायट्या, दूध संकलन केंद्रे, साखर कारखाने ही नावे आपोआप पुढे येतात. त्यांच्या स्थापनेचा ठराव असतो, पहिल्या सभेचे इतिवृत्त असते, कोनशिलेवर पुढाऱ्याचे नाव असते. दादासाहेब भगत यांनी उभ्या केलेल्या डिझाईनच्या धंद्याला असले काहीच नव्हते. आष्टी तालुक्यातले सांगवी पाटण हे त्यांचे गाव. २०२० च्या टाळेबंदीत गावाकडच्या टेकडीवर, जनावरांच्या गोठ्यात, या कंपनीचे काम चालले. तिचे गिऱ्हाईक देशोदेशी पसरलेले होते आणि तिचा माल डोळ्यांना दिसणारा, पण हातात धरता न येणारा. अशा संस्थेला या स्मरणिकेत जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. बीड जिल्ह्याबाहेर आपली ओळख ऊसतोड आणि दुष्काळ या दोन शब्दांत आटोपली जाते. ती ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे.

हा प्रवास तीन नावांनी झाला. आधी नाइन्थ मोशन, मग डू-ग्राफिक्स, आणि आता लोक ज्या नावाने ओळखतात ते डिझाईन टेम्प्लेट. नावे वेगळी, गाभा एकच. ज्याला चित्र काढता येत नाही, ज्याला महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही, त्याच्या हाती तयार रचना द्यायची आणि त्याने स्वतःचा मजकूर घालून ती आपली करायची.

या इतिहासाची सुरुवात संगणकापासून धरणे मला बरोबर वाटत नाही. आपल्या भागात डिझाईन हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी पेंटर होता. किराणा दुकानाची पाटी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचे नाव, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, देवळातला मारुती, निवडणुकीची भिंत, सगळे त्याच्याच हातचे. खडू लावलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मध्ये चिमटीत पकडून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. त्या रेघेखाली अक्षरे बसवायची. शिरोरेषा आधी की उभा दंड आधी, यावर प्रत्येक पेंटरचे स्वतःचे मत असे. हाताखाली आलेले पोरगे आधी महिनोन्‌महिने टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुई, मग त्याला अक्षराच्या आत रंग भरायला मिळे, आणि अक्षराची कडा ओढायची पाळी सगळ्यात शेवटी येई. शिक्षण असे होई. पुस्तक नव्हते, फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. होते ते उस्तादाचे बघणे आणि सांगणे.

दादासाहेब भगत शाळेच्या वयात बोर्डिंगमध्ये असताना देवळे रंगवणाऱ्या एका चित्रकाराच्या संगतीत हा हात शिकले. त्यांच्या चरित्राच्या बातम्यांमध्ये ही ओळ घाईघाईत येते आणि मागे पडते. मला मात्र ती फार मोलाची वाटते. देवळाच्या भिंतीवर मूर्ती रंगवताना माणूस जे शिकतो, म्हणजे मोकळी जागा किती ठेवायची, कुठला रंग पुढे येतो आणि कुठला मागे जातो, लांबून बघणाऱ्याला आधी काय दिसले पाहिजे, तेच पुढे पडद्यावर लागते. सॉफ्टवेअर बदलत राहते, नजर एकदाच घडते.

दरम्यान आपल्याकडचे पेंटर मागे हटत गेले. फ्लेक्सची छपाई तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आणि चार दिवसांचे काम तासाभरात होऊ लागले. बसस्टँडजवळच्या डीटीपीच्या दुकानात कोरल-ड्रॉ उघडलेला, शेजारी श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरची कीबोर्डची पट्टी चिकटवलेली, आणि समोर बाकावर वाढदिवसाच्या बॅनरसाठी फोटो घेऊन बसलेली पोरे, हे चित्र आष्टी, कडा, पाटोदा, जामखेड कुठेही दिसायचे. त्या दुकानांत डिझाईनचा एक ठरलेला साठा असे. मधोमध नेत्याचा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या गोल चौकटी, मागे सोनेरी किरणे. दुकानदार जुनी फाईल उघडी, नावे बदली, फोटो बदली आणि छापायला पाठवी. त्याला टेम्प्लेट म्हणतात हे त्याच्या गावी नसले तरी तो टेम्प्लेटवरच पोट भरत होता. पुढे याच मातीतल्या माणसाने टेम्प्लेटचा व्यवसाय जगभर नेला, हे मला अगदी सुसंगत वाटते.

दादासाहेबांचे रीतसर शिक्षण आयटीआयपर्यंतचे. ते करून बीड जिल्ह्यातली हजारो पोरे जिकडे जातात तिकडेच ते गेले, पुण्याला. पहिली नोकरी महिना चार हजारांची. मग इन्फोसिसच्या गेस्ट हाउसमध्ये ऑफिस बॉयचे काम मिळाले, पगार नऊ हजार. झाडलोट, चहापाणी, पाहुण्यांना काय हवे नको ते बघणे. चार हजारांवरून नऊ हजारांवर जाणे ही गावाकडच्या हिशेबात मोठी उडी होती, आणि पुष्कळ जण तिथेच स्थिरावले असते.

त्यांचे लक्ष मात्र संगणकासमोर बसलेल्या माणसांकडे लागले. ही माणसे दिवसभर काय करतात, त्यांना एवढा पगार कशाचा मिळतो, आपल्याला हे येईल का, असे प्रश्न त्यांनी तिथल्या लोकांनाच विचारले. उत्तर मिळाले ते साधे होते. या कामांपैकी बहुतेकांना पदवी लागते, पण ग्राफिक डिझाईन आणि ॲनिमेशन अशी क्षेत्रे आहेत जिथे पदवीपेक्षा हातातले काम बघतात. हे उत्तर देणाऱ्यांना त्याची किंमत त्या दिवशी कळली असेल असे वाटत नाही. ऑफिस बॉयने चहा ठेवता ठेवता विचारलेला प्रश्न होता. तो हसण्यावारी नेता आला असता, "तुला काय करायचंय" म्हणून टाळता आला असता. कोणीतरी टाळला नाही. आपल्या क्षेत्रात काय चालले आहे, कुठली वाट उघडी आहे, हे त्याने सांगून टाकले. या संस्थेला पायाभरणीचा दिवस शोधायचाच असेल तर मी तो इथे धरीन.

पुढचा काळ दिवसा नोकरी आणि संध्याकाळी क्लास असा गेला. ज्यांनी पुण्यात अशा क्लासच्या पायऱ्या चढल्या आहेत त्यांना ते आयुष्य ठाऊक आहे. डबा, बस, दोन तास फोटोशॉप, रात्री खोलीवर सराव करायला संगणक नाही म्हणून क्लासमध्येच शेवटच्या मिनिटापर्यंत बसणारी पोरे. साधारण वर्षभरात दादासाहेब ऑफिस बॉयचे डिझायनर झाले. नंतर ते हैदराबादला एका डिझाईन कंपनीत कामाला लागले आणि तिथे असतानाच त्यांनी पायथन आणि सी प्लस प्लस या संगणकभाषा शिकायला घेतल्या. हा वळणबिंदू आहे. चित्र काढणारे आपल्याकडे खूप आहेत, प्रोग्राम लिहिणारेही आता कमी नाहीत. दोन्ही बाजूंना हात घालणारा माणूस विरळा, आणि पुढचे सगळे त्या दुहेरी हातामुळे शक्य झाले.

हैदराबादच्या कामात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. व्हिडिओतल्या दृश्यपरिणामांना, म्हणजे उडत येणाऱ्या नावांना, उजळणाऱ्या चिन्हांना, फार वेळ जातो. आणि दर वेळी नव्याने केले तरी सांगाडा बहुधा तोच असतो. मग तो सांगाडाच नीट बांधून ठेवला तर? त्यांनी असा साठा करायला घेतला आणि तो ऑनलाइन विकायला सुरुवात केली.

टेम्प्लेट म्हणजे नेमके काय, हे थोडे जवळून बघू, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते वापरले आहे पण आतून पाहिलेले नाही. समजा लग्नाच्या निमंत्रणाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. झेंडूच्या माळा वरून उलगडतात, मधोमध वधूवरांची नावे उमटतात, मग तारीख, मग स्थळ. आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये यातला प्रत्येक घटक वेगळ्या थरावर असतो. डिझायनर नावाच्या जागी एक रिकामी चौकट ठेवतो. पण "ओम" आणि "ज्ञानेश्वरी" ही नावे सारख्या रुंदीची नसतात. म्हणून चौकटीला असे सूत्र जोडावे लागते की नाव लांबले तर अक्षर आपोआप लहान व्हावे, माळ बाजूला सरकावी, आणि काहीही झाले तरी नावाचा मध्य पडद्याच्या मध्यावरच राहावा. रंग एकाच ठिकाणी बदलला की माळ, किनार, अक्षर सगळीकडे बदलला पाहिजे. शिवाय ही फाईल जो उघडणार आहे तो अनोळखी माणूस आहे, कदाचित दुसऱ्या देशातला, त्याला विचारायची सोय नाही. म्हणून प्रत्येक थराला समजेल असे नाव द्यायचे, अनावश्यक थर काढून टाकायचे, सोबत कसे वापरावे याचे टिपण ठेवायचे. चांगले टेम्प्लेट बनवणे म्हणजे आपले कसब दुसऱ्याला वापरता येईल इतके उघडून दाखवणे. यात लपवाछपवीला जागाच नाही.

या कामात रमलेले असताना त्यांना मोटारीचा अपघात झाला आणि काही काळ अंथरुणावर काढावा लागला. नोकरी सुटली. त्यांनी तो वेळ पूर्णपणे या साठ्याला दिला आणि त्यातून नाइन्थ मोशन उभी राहिली. थोड्याच काळात जगभरातले सुमारे सहा हजार ग्राहक मिळाले, आणि त्यांत बीबीसी स्टुडिओज आणि नाइन एक्स एम ही संगीतवाहिनी अशी नावे होती, असे या कंपनीच्या वाटचालीबद्दल प्रसिद्ध झालेले आहे. गिऱ्हाइकाला माल कुठे बनला याच्याशी देणेघेणे नव्हते. फाईल नीट उघडते का, सांगितले ते बदलता येते का, एवढेच तो बघत होता. ज्या मुलाला मुलाखतीच्या पहिल्या खोलीत पदवी विचारली गेली असती, त्याचे काम असे थेट परीक्षेला बसले आणि उत्तीर्ण झाले.

मग टाळेबंदीची, २४ मार्च २०२० ची रात्र आली. शहरांमधून माणसे गावाकडे निघाली. आपल्या जिल्ह्याला हे दृश्य नवे नव्हते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात, हे चक्र पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण त्या वर्षी परतणाऱ्यांमध्ये कोयता घेतलेल्यांबरोबर पाठीवर लॅपटॉपची बॅग अडकवलेलेही होते. दादासाहेबही गावी आले आणि काम बरोबर घेऊन आले.

काम आणले खरे, पण मांडायचे कुठे? गावातल्या विजेची गोष्ट वाचकांना सांगायला नको. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि सिंगल फेजचा भरवसा पावसाच्या पहिल्या सरीपर्यंत. व्हिडिओ रेंडर करायला, म्हणजे अंतिम फाईल तयार करायला, लावला की तो अर्धा तास, कधी दोन तास चालतो. शेवटच्या पाच मिनिटांत लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि तयार झालेली शेकडो एमबीची फाईल वर चढवायला रेंज पाहिजे. गावात घरांच्या भिंती, झाडे आणि मधली चढणी यांमुळे मोबाईलचा सिग्नल अडतो. टेकडीवर गेले की टॉवर आणि फोन यांच्यामध्ये काही उरत नाही. तिथे फोर-जी चांगले मिळत होते आणि तिथे गोठा होता. झाला विचार पक्का. गोठा साफ झाला, आडोसा झाला आणि ऑफिस सुरू झाले. त्या काळात छापून आलेल्या फोटोंमधून हे दृश्य महाराष्ट्राने पाहिले. डोंगरउतार, गवत, आणि लॅपटॉपभोवती बसलेली पोरे.

त्या फोटोंचे पुष्कळ कौतुक झाले. मला त्या कौतुकात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. गोठा ही बातमी झाली, पण गोठ्यात जे चालले होते ते जास्त महत्त्वाचे होते. दादासाहेबांनी आपल्या मित्रांना आणि गावातल्या तरुणांना तिथे ॲनिमेशन आणि डिझाईन शिकवले आणि त्यांना कामात घेतले. संगणकावर हात बसलेला नाही, डिझाईनच्या शाळेचे तोंड पाहिलेले नाही, अशा पोरांना जगाच्या बाजारात चालणारे काम शिकवायचे म्हणजे काय, याचा विचार करा. पुण्या-मुंबईतल्या डिझाईनच्या महाविद्यालयात प्रवेशासाठी परीक्षा असते, पोर्टफोलिओ असतो, लाखांत फी असते. इथे प्रवेशाची अट टेकडी चढून येण्याची.

हे शिक्षण कसे होते ते कोणत्याही डिझाईनच्या कामाच्या जागी जाऊन बसले की दिसते. एकाच्या पडद्यावर काहीतरी नवे उमटते आणि शेजारचा खुर्ची सरकवून येतो. "हे कसं केलंस रे?" मग तो दाखवतो. एखादी कीबोर्डवरची युक्ती, ज्यामुळे दहा क्लिकचे काम एका बोटावर येते. एखादा फाँट, जो मोबाईलच्या लहान पडद्यावरही वाचता येतो. जपानमधल्या कोणा डिझायनरने केलेली जाहिरात, जिच्यात तीनच रंग आहेत. एखादे नवे सॉफ्टवेअर, जे काल रात्रीच कोणाला तरी सापडले. कुणी लिंक पाठवतो, कुणी फाईल देतो, कुणी नुसते तोंडाने सांगतो. या धंद्यात साधने दर सहा महिन्यांनी बदलतात. अभ्यासक्रम छापून होईपर्यंत जुना होतो. म्हणून सापडलेले वाटून घेणे हाच इथला खरा अभ्यासक्रम. ज्या जागी प्रत्येक जण आपली युक्ती झाकून बसतो, तिथे एकटा हुशार माणूस तयार होतो. वाटून घेतात तिथे टोळी तयार होते, आणि टोळीने काम कसे ओढायचे हे बीड जिल्ह्याला कोणी शिकवायला नको.

हा गुण एका गोठ्यापुरता नाही. मराठी अक्षरांचा अलीकडचा सगळा इतिहास अशा वाटण्यावर उभा आहे. जाहिरात संस्थेतला माणूस आपल्या कामाच्या पलीकडे किती देऊ शकतो याचे मोठे उदाहरण म्हणजे र. कृ. जोशी. उल्का या जाहिरात संस्थेत त्यांनी अनेक वर्षे काम केले, पुढे पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरमध्ये शिकवले, आणि संगणकावर देवनागरी कशी दिसावी याचा ध्यास घेतला. विंडोज २००० पासून आपल्या संगणकांत आलेला मंगल हा फाँट त्यांच्या हातचा. आज सरकारी कार्यालयातला कारकून ज्या अक्षरात पत्र टाइप करतो त्यामागे एका मराठी जाहिरातकाराचा हात आहे, हे किती जणांना ठाऊक असते? जोशी २००८ मध्ये गेले, पण त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि त्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी काम चालू ठेवले. मुंबईतल्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने मुक्त आणि बलू हे फाँट खुल्या परवान्याने सर्वांना दिले. कुणीही फुकट उतरवून घ्यावेत, वापरावेत, त्यांवर पुढचे कामही करावे. तालुक्याच्या गावातल्या फ्लेक्सवाल्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्यांना त्याचा लाभ झाला.

त्याआधी काय होते ते जुन्या डीटीपीवाल्यांना विचारा. युनिकोड ही सगळ्या संगणकांना सारखी समजणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, त्याची किल्ली वेगळी. एका दुकानात टाइप केलेली पत्रिका दुसऱ्या दुकानातल्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची गिचमिड दिसे. मजकूर आपला, पैसे मोजलेले, तरीही त्याच दुकानाशी बांधून घेतलेले. युनिकोडने ती बेडी तोडली.

टेम्प्लेटच्या क्षेत्रात मराठी माणसाने असायला हवे, याचे कारण या अक्षरांतच दडले आहे. अनेक तयार रचनांमध्ये देवनागरीच्या नावाखाली हिंदी वळणाचा ल आणि श येतो. आपल्या शाळेत शिकवलेले वळण वेगळे आहे आणि राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवून दिली आहेत. "वाऱ्यावर" मधला अर्धा र नीट बसत नाही, जोडाक्षरे फुटतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते. सिडनीत किंवा सान फ्रान्सिस्कोत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना हे खुपणार नाही. ज्याने सुतळी ताणून रेघ मारलेली पाहिली आहे त्याला लगेच खुपते.

नाइन्थ मोशनच्या पुढचे पाऊल म्हणजे ग्राहकाला सॉफ्टवेअर विकत न घेता थेट ब्राउझरमध्ये रचना बदलता यावी असा मंच. यातले जगातले मोठे नाव कॅनव्हा, ऑस्ट्रेलियातली कंपनी, २०१३ मध्ये सुरू झालेली. तिच्या आरंभाची एक गोष्ट या स्मरणिकेच्या वाचकांना आवडेल. मेलानी पर्किन्स आणि क्लिफ ऑब्रेक्ट यांनी २००७ मध्ये पर्थमध्ये फ्यूजन बुक्स नावाचा उद्योग काढला होता. शाळेतल्या मुलांना आपला वार्षिकांक स्वतः मांडता यावा, हे त्याचे काम. शाळांच्या वार्षिकांकांतून जगातला सगळ्यात मोठा डिझाईन मंच निघाला. डू-ग्राफिक्स आणि नंतरचे डिझाईन टेम्प्लेट याच वाटेवरचे, भारतीय गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले. सणांच्या शुभेच्छा, दुकानाचे उद्घाटन, लग्न, बारसे, सोशल मीडियावरची जाहिरात, यांच्या रचना आपल्या लोकांना सहज करता याव्यात हा त्यामागचा हेतू.

पुढचा भाग बहुतेकांनी टीव्हीवर पाहिला आहे. शार्क टँक इंडिया या कार्यक्रमात दादासाहेब भगत आपला डिझाईन टेम्प्लेट घेऊन गेले आणि बोट कंपनीचे अमन गुप्ता यांनी दहा टक्के भागीदारीच्या बदल्यात एक कोटी रुपये देऊ केले. त्या रात्री आष्टी तालुक्यात अनेकांनी एकमेकांना फोन केले. एका कोटीचा आकडा लोकांच्या तोंडी राहिला. मला त्यापेक्षा हे लक्षणीय वाटते की गेस्ट हाउसमध्ये प्रश्न विचारणारा मुलगा आता भांडवलदारांच्या प्रश्नांना समोर बसून उत्तरे देत होता, आणि ती उत्तरे धंद्याच्या आतली, हिशेबाची होती.

यशाच्या या बाजूबरोबर दुसरीही बाजू मांडली पाहिजे. एका कंपनीने जिल्ह्याचे स्थलांतर थांबत नाही. टेकडीवरून काम होते हे सिद्ध झाले, पण टेकडीवर जावे लागले ही गोष्ट उरतेच. नगर ते आष्टी रेल्वे २०२२ मध्ये धावू लागली, बीडपर्यंत गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडले. रुळाला एवढी वर्षे लागली, तर गावोगावच्या अखंड वीज आणि इंटरनेटसाठी किती थांबायचे? शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्ता वाक्य लिहिताच चित्र काढून देते, आणि टेम्प्लेटचा सगळा धंदा नव्या परीक्षेला बसणार आहे. तेव्हा पुन्हा तेच कामी येईल असे मला वाटते: कोणाला काय सापडले ते शेजाऱ्याला लगेच सांगण्याची सवय, आणि देवळाच्या भिंतीपुढे घडलेली नजर. यंत्र शंभर चित्रे देईल, त्यांतले कुठले गिऱ्हाइकापुढे ठेवायचे हे ओळखणारा डोळा माणसाचाच लागेल. तालुक्यातल्या आयटीआयने आणि कला-वाणिज्य महाविद्यालयांनी डिझाईनचा छोटा का होईना अभ्यासक्रम चालू करावा, आणि त्यात मुलींना आवर्जून घ्यावे. हे काम करायला घर सोडावे लागत नाही, आणि ज्या घरांत मुलीला बाहेरगावी पाठवायला हरकत असते तिथेही ते शिरू शकते.

शेवटी एक विनंती, आणि ती विशेषतः ज्यांनी त्या गोठ्यात बसून काम शिकले त्या सर्वांना आहे. सोसायटीचे इतिवृत्त कागदावर असते म्हणून पन्नास वर्षांनीही वाचता येते. तुमचे इतिवृत्त हार्ड डिस्कमध्ये आहे, आणि जुन्या श्रीलिपीतल्या फायलींची काय गत झाली ते आपण पाहिले आहे. तुमची पहिली डिझाईने, चुकलेलीसुद्धा, टाळेबंदीतले फोटो, एकमेकांना पाठवलेल्या सूचना, हे सगळे आजच वेगळे काढा. मूळ फाईलबरोबर तिची पीडीएफ किंवा साधा व्हिडिओ करून ठेवा, मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, फाईलच्या नावात तारीख आणि करणाऱ्याचे नाव घाला, आणि एक प्रत गावच्या शाळेच्या संगणकावर द्या. पुढच्या स्मरणिकेत या संस्थेचा इतिहास तुम्ही स्वतः लिहावा.